बातमीतला शोध आकाशात कसा गाठावा : नवख्या निरीक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याला जोडीदार सापडल्याची शक्यता, शनीच्या नव्याने नोंदलेल्या १२८ उपग्रहांमुळे त्याच्या उपग्रहांची २७४ झालेली संख्या, देवयानी दीर्घिकेशी आपल्या आकाशगंगेची टक्कर कदाचित होणारच नाही असे सांगणारे गणित, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत सतत वाचनात येत आहेत. बातमीबरोबर एखादे झगमगीत रंगीत चित्र असते. परंतु ज्या ताऱ्याबद्दल हे सगळे लिहिले आहे तो आपल्या गच्चीवरून दिसतो का, दिसत असल्यास कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिशेला, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. नवखा माणूस मग थेट दुर्बीण विकत घेतो, ती दोनदा बाहेर काढतो आणि तिसऱ्यांदा माळ्यावर टाकतो. हे टाळण्यासाठी जो क्रम मला उपयोगी पडला, तो येथे मांडत आहे. शोधाची जागा आकाशात बोटाने दाखवता आली पाहिजे, एवढेच या लेखाचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी पहिले वर्षभर दुर्बिणीची गरज नाही.

१. बातमीतून तीन गोष्टी काढून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे तारकासमूह. बातमीत तो नसेल, तर ताऱ्याचे किंवा दीर्घिकेचे नाव स्टेलॅरियम या मोफत संगणकप्रणालीत टाका. तुमचे गाव आणि तारीख दिली की ती वस्तू कधी उगवते, कधी सर्वांत उंच येते आणि कधी मावळते हे कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे तेजस्वितेची प्रत. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, हे उलटे गणित एकदा अंगवळणी पडले की पुढचे सोपे आहे. अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, मोठ्या शहरातून तिसऱ्या प्रतीच्या पलीकडे फारसे काही दिसत नाही, आणि ५० मिलिमीटर भिंगांच्या बायनॉक्युलरमधून अंधाऱ्या आकाशात साधारण नवव्या प्रतीपर्यंत पोहोचता येते. बातमीतली वस्तू तेराव्या प्रतीची असेल, तर तिचा तारकासमूह ओळखून समाधान मानावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : शोध पक्का आहे की संभाव्य? सिंह राशीच्या दिशेला, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या के२-१८ या ताऱ्याच्या ग्रहावर जीवसृष्टीची खूण सापडल्याची बातमी एप्रिल २०२५ मध्ये जगभर गाजली. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदींत एका विशिष्ट वायूची चाहूल लागल्याचे म्हटले होते आणि तो पुरावा अंतिम नाही हेही त्यांनीच सांगितले होते. पुढे त्याच नोंदी इतरांनी तपासल्या, तेव्हा तो संकेत टिकत नसल्याचे त्यांचे म्हणणे पडले. मथळ्यांत ‘सापडली’ असे होते, मूळ शोधनिबंधात तसे नव्हते. ‘संभाव्य’, ‘पुरावा मिळाला’ आणि ‘निश्चित झाले’ या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत, आणि बहुतेक मथळे त्यांना एकाच पायरीवर आणून बसवतात.

२. साहित्य आणि कागदपत्रे

- ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर (पहिला आकडा पटींचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा). हात थरथरत असल्यास तिकाटणे, नाहीतर आरामखुर्चीत टेकून कोपर खुर्चीच्या हातांवर ठेवावेत.
- टॉर्च, आणि तिच्या काचेवर रबरबँडने बांधलेला लाल जिलेटीन कागदाचा दुहेरी थर.
- छापील तारानकाशा किंवा फिरती ताराचकती. मोबाइलवरचे ॲप चालेल, पण ते लाल रंगाच्या रात्रदर्शनावर ठेवावे.
- वही, शिसपेन्सिल (थंडीत आणि दवात पेन दगा देते), साधे होकायंत्र.
- सतरंजी, कानटोपी, डास पळवणारे मलम, पाणी, बंद बूट.
- गावाबाहेर मुक्काम असल्यास आधार कार्डाची प्रत, वनविभागाच्या किंवा खासगी जागेच्या परवानगीची प्रत, आणि सोबत १८ वर्षांखालील मुले असतील तर पालकांचे संमतिपत्र.

दुर्बिणीबद्दल स्पष्टच सांगतो. खोक्यावर ‘५२५ पट’ अशी जाहिरात असलेली, प्लॅस्टिकच्या लटपटत्या तिकाटण्यावरची दुर्बीण घेऊ नये. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पटींपलीकडे प्रतिमा मोठी होते, परंतु स्पष्ट होत नाही; म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट ही कमाल मर्यादा आहे, आणि तीही हवा स्थिर असेल तर. वर्षभर आकाश पाहिल्यावर हौस टिकली, तर सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण घ्यावी. तोवर बायनॉक्युलर पुरेसे आहे.

बायनॉक्युलर किंवा दुर्बीण सूर्याच्या दिशेला कधीही, क्षणभरही वळवू नये. मुलांच्या हाती साहित्य देण्याआधी सूर्य मावळलेला आहे याची खात्री करून घ्यावी.

३. महिना, चंद्र आणि जागा निवडा

महाराष्ट्रात निरीक्षणाचा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत असतो. परदेशी संकेतस्थळे ज्याचा दरवर्षी गाजावाजा करतात तो ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टच्या सुमारास असतो, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळ्यात. त्यासाठी रजा टाकून घाटमाथ्यावर जाणे म्हणजे भिजायला जाणे. त्याऐवजी १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन राशीतला उल्कावर्षाव धरावा. थंडी असते, आकाश बहुधा निरभ्र असते, आणि या उल्का धूमकेतूच्या नव्हे तर फेथॉन या लघुग्रहाच्या कणांपासून येतात, हे त्याचे वेगळेपण.

अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस धरावेत. जागा निवडताना केवळ ‘शहरापासून लांब’ एवढा निकष पुरत नाही. ज्या दिशेला पाहायचे आहे त्या दिशेला शहराचा उजेड नसावा. दक्षिणेकडचे तारे पाहायचे असतील, तर पुणेकरांनी पुण्याच्या दक्षिणेला जावे, म्हणजे शहराची प्रभा पाठीशी राहते. विदर्भातल्या वाचकांच्या हाताशी पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

अनेक गडांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी आहे, हे निघण्याआधी तपासा. शेतात किंवा माळावर थांबणार असाल तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री अकरा वाजता माळावर लाल दिवे घेऊन फिरणारी माणसे पाहून गाव जागे झाले, तर दोष गावाचा नाही. जुन्नर-आंबेगावच्या बाजूला बिबट्याचा वावर असतो. तेथे उसाच्या फडाला लागून सतरंजी टाकू नये.

४. डोळे आणि हात तयार करा

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की ती मेहनत वाया जाते. गटात एकजण तरी फोन काढतोच. त्याला आधीच सांगून ठेवावे.

हात लांब करून मूठ धरली की आकाशात सुमारे १० अंश झाकले जातात. करंगळीच्या नखाची रुंदी साधारण एक अंश. हे माप लहान मुलांनाही लागू पडते, कारण हात लहान तशी मूठही लहान असते.

नवख्यांची सर्वांत मोठी गफलत येथे होते. इंग्रजीतले बहुतेक मार्गदर्शक लंडन किंवा न्यूयॉर्कच्या आकाशासाठी लिहिलेले असतात. त्यांत ध्रुवतारा आकाशाच्या निम्म्या उंचीवर असतो. आपल्याकडे तो पुण्याहून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठींहूनही खाली असतो. उलट दक्षिणेचे जे तारे तेथे कधी उगवतच नाहीत, ते आपल्याला आरामात दिसतात. आणखी एक फरक घड्याळाचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची असल्याने मुंबई-पुण्यात तारे त्या वेळेच्या मानाने अर्ध्या तासाहून थोडे अधिक उशिरा माथ्यावर येतात. ‘मध्यरात्री डोक्यावर’ असे वाचले, तर साडेबारा धरा. जागतिक वेळेत (यूटीसी) दिलेल्या घटनेसाठी साडेपाच तास मिळवा आणि तारीख बदलते का, हे पाहा.

५. जानेवारी-फेब्रुवारी : काक्षीची तेजस्विता स्वतः मोजा

मृग नक्षत्र ओळखत नाही असा मराठी माणूस विरळा. हरणाचे चार पाय म्हणजे चार तारे, पोटात घुसलेला बाण म्हणजे एका रेषेतले तीन तारे, आणि त्या बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवली की तो मारणारा व्याध. चार पायांपैकी ईशान्येकडचा तांबूस तारा म्हणजे काक्षी, इंग्रजी बातम्यांतला बीटलज्यूस. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत, एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा हा तारा सुमारे १.६ प्रतीपर्यंत खाली गेला. आता त्याचा स्फोट होणार, असे अनेकांनी लिहून टाकले. प्रत्यक्षात ताऱ्याच्या पृष्ठभागावरून उसळून बाहेर पडलेले द्रव्य थंड होऊन त्याची धूळ झाली होती आणि तिने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला होता. जुलै २०२५ मध्ये दुसरी बातमी आली : हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने काक्षीच्या अगदी जवळ एक मंद जोडीदार तारा टिपला असावा. काक्षीच्या प्रकाशात सुमारे ४०० दिवसांच्या चढउताराखेरीज जवळपास सहा वर्षांचे एक आवर्तन दिसते, आणि त्याचे स्पष्टीकरण या जोडीदारात आहे असे मानले जाते. जोडीदार काक्षीपेक्षा सुमारे सहा प्रतींनी मंद आणि त्याला जवळजवळ चिकटलेला असल्याने तो आपल्याला दिसणार नाही. परंतु काक्षीचा चढउतार मात्र नुसत्या डोळ्यांनी मोजता येतो.

त्याची रीत अशी. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास मृग माथ्यावर असतो. पश्चिमेला रोहिणी (०.९ प्रत) आणि पूर्वेला प्रश्वा (०.४ प्रत) हे दोन तुलनेचे तारे घ्या. काक्षी रोहिणीहून तेजस्वी आणि प्रश्वाहून मंद वाटतो का? वाटत असेल, तर दोघांपैकी कोणाच्या जवळ? प्रश्वाच्या किंचित जवळ वाटला तर ०.६ लिहा. रोहिणीहूनही मंद वाटला, तर पुनर्वसूतल्या अधिक तेजस्वी ताऱ्याशी (१.१ प्रत) तुलना करा. येथे दोन सापळे आहेत. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो डोळ्यांना हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो, म्हणून नजर झटकन एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर न्यावी. दुसरे असे, की क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो, तेव्हा तिन्ही तारे साधारण सारख्या उंचीवर असतानाच तुलना करावी. दर आठवड्याला एक नोंद पुरे. रोज पाहिले तर कालचाच आकडा पुन्हा लिहिला जातो.

जाता जाता बाणाच्या खाली बायनॉक्युलर वळवा. तेथला धुरकट पुंजका हा मृगातला तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचे ताऱ्यांचे जन्मस्थान. तो राखाडी दिसेल. चित्रांतले गुलाबी-जांभळे रंग कॅमेऱ्याने तासन्‌तास साठवलेल्या प्रकाशाचे असतात, डोळ्यांचे नव्हेत.

६. एप्रिल-मे : चित्राच्या खाली साडेतीन मुठी

महाराष्ट्र-गोव्यात राहण्याचा खगोलीय फायदा कोणता, असे कोणी विचारले तर मी ओमेगा सेंटॉरीचे नाव घेईन. नरतुरंग तारकासमूहातला हा गोलाकार तारकागुच्छ सुमारे एक कोटी ताऱ्यांचा असून तो सतरा ते अठरा हजार प्रकाशवर्षांवर आहे. लंडनहून तो कधीच दिसत नाही. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजाच्या वर २४ अंश चढतो, पणजीहून २७, नागपूरहून सुमारे २१.

जुलै २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या छायाचित्रांतून या गुच्छातल्या सुमारे चौदा लाख ताऱ्यांची गती मोजल्याचे प्रसिद्ध झाले. गुच्छाच्या गाभ्यातले सात तारे इतक्या वेगाने फिरताना आढळले की एरवी ते केव्हाच बाहेर फेकले गेले असते. त्यांना धरून ठेवायला सूर्याच्या किमान ८२०० पट वस्तुमानाचे कृष्णविवर तेथे असावे लागते. ताऱ्यांच्या मृत्यूतून होणारी लहान कृष्णविवरे आणि दीर्घिकांच्या केंद्रांतली महाकाय कृष्णविवरे यांच्या मधल्या आकाराची उदाहरणे फारच थोडी हाती लागली आहेत, म्हणून या शोधाचे मोल मोठे.

शोधायला ही वस्तू आश्चर्यकारक रीतीने सोपी आहे. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की आधी नारिंगी स्वाती आणि मग पांढरी चित्रा लागते. चित्रा नेमकी दक्षिणेला माथ्यावर येते तेव्हा ओमेगा सेंटॉरी तिच्या सरळ खाली, ३६ अंशांवर, म्हणजे साडेतीन मुठींच्या अंतरावर असतो. ही वेळ एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेबाराच्या पुढेमागे आणि मेच्या मध्यावर साडेदहाच्या सुमारास येते. नुसत्या डोळ्यांना तो चौथ्या प्रतीचा, कडा विरलेला तारा दिसतो. बायनॉक्युलर लावले की तारा नाहीसा होऊन तेथे एक गोल, दाट, मधोमध उजळ गोळा उभा राहतो. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवली की त्याचा विस्तार वाढल्यासारखा वाटतो. सहा इंची दुर्बिणीतून त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात.

एप्रिल-मेमधली धूळ हा येथला खरा शत्रू आहे. दक्षिण क्षितिज चार-चार दिवस पिवळट राहते. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र सोडू नका.

तेथेच थांबलात, तर साधारण सव्वा तासाने आणखी खाली मित्र हा तारा दक्षिणेवर येईल, पुण्याहून जेमतेम एका मुठीच्या उंचीवर. त्याच्या पश्चिमेचा तेजस्वी तारा मित्रक. मित्र सुमारे चार प्रकाशवर्षांवर असून आपल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताराकुलातला मुख्य सदस्य आहे. जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्याभोवती एका वायुरूप ग्रहाची चाहूल लागल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाले. हा ग्रह ऑगस्ट २०२४ च्या निरीक्षणात दिसला आणि २०२५ मधल्या दोन निरीक्षणांत दिसला नाही, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या भाषेत तो ‘संभाव्य’ आहे.

७. उत्तर मुकुट पाठ करून ठेवा

स्वाती आणि अभिजित यांना जोडणारी रेषा कल्पा. स्वातीपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर अर्धवर्तुळात मांडलेले सात तारे दिसतील. हाच उत्तर मुकुट. येथे टी कोरोनी बोरिॲलिस हा दहाव्या प्रतीचा तारा आहे; खरे तर ती दोन ताऱ्यांची जोडी आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन जोडीतल्या श्वेतबटूवर (विझलेल्या ताऱ्याच्या लहान, दाट गाभ्यावर) साठत जातो आणि मर्यादा ओलांडली की भडकतो. १८६६ आणि १९४६ साली असे झाले, तेव्हा हा तारा दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला. जवळपास ऐंशी वर्षांचे हे अंतर लक्षात घेऊन २०२४ पासून खगोलशास्त्रज्ञ पुढच्या उद्रेकाकडे डोळे लावून बसले आहेत. नुसत्या डोळ्यांना तो काही दिवसच दिसतो, त्यामुळे मुकुटाचा नेहमीचा आकार आधीच पाठ हवा. त्याशिवाय नवा तारा नवा आहे हे कळणार नाही.

८. ऑक्टोबर-नोव्हेंबर : देवयानी आणि शनी

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्याजवळ असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांवरून ईशान्येकडे दोन तारे मोजा, दुसऱ्यापासून शर्मिष्ठेच्या दिशेने वळून पुन्हा दोन मंद तारे मोजा. त्यापुढचा लांबट धूसर ठिपका म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार येत्या दहा अब्ज वर्षांत ती आपल्या आकाशगंगेत मिसळण्याची शक्यता निम्मीच उरली आहे.

शनीची कडी बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत. त्यासाठी २५-३० पटींची लहान दुर्बीण लागते. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी काठावरून दिसत होती आणि आता ती वर्षागणिक उघडत जातील. २७४ उपग्रहांपैकी तुम्हाला सहज दिसेल तो एक, टायटन.

९. फसव्या गोष्टी

मावळतीला किंवा पहाटे क्षितिजाजवळ न लुकलुकणारा प्रखर दिवा हा बहुधा शुक्र असतो. एका ओळीत सरकणारे पंधरा-वीस ठिपके स्टारलिंकचे उपग्रह असतात. ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा संदेश दरवर्षी फिरतो आणि दरवर्षी खोटा असतो. ‘ग्रह एका रांगेत’ ही बातमी खरी असली तरी त्यांतला नेपच्यून नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही आणि युरेनस फक्त अगदी अंधाऱ्या आकाशात, तोही जेमतेम दिसतो, हे तीत शेवटच्या ओळीत असते.

१०. नोंद ठेवा आणि मंडळींना सामील व्हा

वहीत दिनांक, वेळ, ठिकाण, आकाशाची स्थिती आणि काय दिसले हे जागेवरच लिहा. काक्षीसारख्या चंचल (तेजस्विता बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या तुमच्या नोंदी १९११ पासून हौशी निरीक्षकांची निरीक्षणे जमवणारी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संघटना स्वीकारते; त्यासाठी संकेतस्थळावर नोंदणी करून निरीक्षकाचा संकेतांक मिळवावा लागतो आणि वेळ जागतिक वेळेत द्यावी लागते. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ आणि कल्याणमध्ये आकाशमित्र मंडळ नवख्यांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. हे कार्यक्रम बहुधा अमावास्येजवळच्या शनिवारी असतात आणि जागा लवकर भरतात. नावनोंदणीच्या वेळीच मुक्काम, जेवण आणि परतीच्या गाडीची चौकशी करून घ्यावी, आणि स्वतःचे बायनॉक्युलर असल्यास ते बरोबर न्यावे, कारण मोठ्या दुर्बिणीपाशी रांग असते.